केबल सगळ्यात शेवटी

मंडळी, आज जुन्या गाड्यांबद्दल. त्यातही एकाच भागाबद्दल, जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या हीटरबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकतो. तो दुरुस्त करायचा तर पुरता करा, नाहीतर रीतसर काढून टाका. अर्धामुर्धा चालणारा हीटर हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच बीटलमध्ये नेमका तोच सापडतो.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांना वाटेल, हा काय विषय झाला? आपल्याकडे गाडी घेताना लोक एसीची चौकशी करतात, हीटरची कोण करतो! पण मी राहतो मिशिगनमध्ये. इथे जानेवारीत सकाळी पारा उणे १० च्या आसपास असणं ही काही बातमी नव्हे. अशा थंडीत दोघं जण गाडीत बसले की नुसत्या श्वासाने काच आतून धुरकट होते आणि ते दव तिथेच गोठतं. हातमोज्याने पुसत पुसत गाडी चालवून बघा म्हणजे कळेल. पायांना ऊब देणं हे हीटरचं अर्धंच काम. मोठं काम म्हणजे समोरचा रस्ता दिसू देणं. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या प्रवासी गाड्यांना काचेवरचं दव आणि बर्फ घालवायची यंत्रणा असलीच पाहिजे असा सुरक्षा नियम (क्रमांक १०३) लागू झाला, तो ह्याचसाठी. तेव्हा हीटर म्हणजे चैन, हा समज आधी डोक्यातून काढा.

असो. आता यंत्राकडे वळू.

नेहमीच्या गाडीत इंजिन पाण्याने थंड होतं. तेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं, मागे पंखा लावायचा, झाला हीटर. तो गळला तर पाय ओले होतात आणि कूलंटचा गोडसर वास येतो. वाईटच, पण निदान कळतं तरी.

बीटलचं इंजिन मागे, आणि हवेने थंड होणारं. पाणीच नाही तर गरम पाणी आणणार कुठून? म्हणून तिथे उष्णता घेतात ती थेट एक्झॉस्टमधून. गाडीच्या पुढच्या बाजूच्या दोन सिलिंडरांचे धुराचे पाइप दोन अंगांनी मागे सायलेन्सरकडे जातात. त्या पाइपांवर ॲल्युमिनियमचे फिन आणि भोवती पत्र्याचं आवरण, हा झाला हीट एक्स्चेंजर. इंजिन थंड करणाऱ्या पंख्याचीच थोडी हवा दोन नळ्यांनी ह्या आवरणात येते, फिनवरून जाताना तापते, आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पायांपर्यंत आणि काचेपर्यंत पोचते. हवा आत सोडायची की नाही हे ठरवणाऱ्या झडपा केबलने उघडायच्या. (ही रचना १९६३ च्या मॉडेलपासूनची. त्याआधी सिलिंडरांवरून आलेली हवाच सरळ आत यायची, तेलाच्या वासासकट!)

इंजिनिअर म्हणून मला ही रचना मनापासून आवडते. एकही जास्तीची मोटर नाही, वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुरेपूर वापर. पण ह्या काटकसरीची किंमत काय, तेही बघा. तुम्ही श्वास घेता ती हवा आणि इंजिनाचा धूर, ह्यांच्यामध्ये आहे फक्त एका पाइपाच्या पत्र्याची जाडी. तो गंजला, भोक पडलं, की कार्बन मोनॉक्साइड गाडीत यायचा रस्ता मोकळा. ह्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि आपल्याला वाटतं की काल रात्री जागरण झालं त्याचा परिणाम असेल.

आता लोक दुरुस्ती कशी करतात ते बघा. हीटर लागत नाही, लिव्हर ओढला तर सैल. म्हणजे केबल तुटली. केबल स्वस्त, काम एका दुपारचं, आणि मग खरंच गरम हवा येते. सगळे खूश! पण इतकी वर्षं बंद राहिलेली ती झडप हेच कदाचित तुमचं संरक्षण होतं. आतल्या पाइपाची अवस्था न बघता तुम्ही ती उघडून दिलीत. आमच्या धंद्यातही अशी माणसं असतात. पाच वर्षं बंद ठेवलेलं एखादं फीचर सेटिंग बदलून चालू करतात, आणि ते बंद का होतं हे विचारतच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, क्रम उलटा ठेवा. आधी एक्स्चेंजर उतरवा. सिलिंडर हेडवरचे नट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने जाम झालेले असतात. चार दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, जोर लावू नका. हेडमध्ये स्टड तुटला तर एका कामाची दोन कामं झाली म्हणून समजा. उतरवल्यावर धुराच्या पाइपाचं एक तोंड बंद करा, दुसऱ्या तोंडातून हळू हवा भरा आणि अख्खा एक्स्चेंजर पाण्यात बुडवा. सायकलचं पंक्चर काढणारा घमेल्यात ट्यूब बुडवून जे करतो, तेच. आवरणातून बुडबुडे आले तर तो एक्स्चेंजर बाद. नवीन घेताना फिन बघून घ्या. स्वस्त मालात ते बरेचदा कमी असतात, आणि मग सुरक्षित पण थंड हवा मिळते :)

मग दारांखालच्या पट्ट्या. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि ते ह्या पट्ट्या आतून खातं. गंमत अशी की ही नुसती हवेची नळी नाही. गाडीची बॉडी खालच्या सांगाड्याला ज्या बोल्टांनी जोडतात, ते ह्याच पट्ट्यांत बसतात. पट्टी सडली की हवा तर गळतेच, शिवाय गाडीचा कणाही पोकळ होतो. हे काम वेल्डिंगवाल्या जाणकाराचं. दारांच्या चौकटींना आधी आडवे आधार न लावता कोणी पट्टी कापायला निघाला, तर गाडी उचलून घरी आणा. नंतर दारं लागणार नाहीत.

मग झडपा मोकळ्या करा. आणि केबल सगळ्यात शेवटी.

ह्यावर मला नेहमी तीन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला, "त्यापेक्षा बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक हीटर लाव." माझ्या १९७१ च्या बीटलचा डायनॅमो ३० अँपिअरचा. म्हणजे जेमतेम ३६० वॅट, त्यातच हेडलाइट, वायपर, इग्निशन. घरातला साधा रूम हीटर १५०० वॅटचा असतो. हिशोब तुम्हीच करा.

दुसरा, "एक्स्चेंजर काढ आणि साधे पाइप लाव." हा पर्याय प्रामाणिक आहे. फ्लोरिडात राहत असतो तर मीही विचार केला असता. पण मग पंख्याच्या घरातून हीटरकडे जाणारी दोन्ही तोंडं नीट बुजवा, नाहीतर इंजिनाच्या वाटची हवा बाहेर जाईल आणि इंजिन तापेल. काढून टाकणं हीसुद्धा एक दुरुस्तीच आहे.

तिसरा, "मी फक्त उन्हाळ्यातच चालवतो." चालवा की! पण सडलेली पट्टी उन्हाळ्यातही सडलेलीच असते. आणि गाडी उद्या तुम्ही विकाल. नवा मालक पहिल्याच थंडीत तो लिव्हर ओढेल, बहुधा मुलांना मागे बसवून.

माझ्या गाडीच्या ह्या सगळ्याला पाच महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. एका दुपारच्या केबलशी तुलना केली तर वेडेपणाच वाटेल. पण आता जानेवारीत काच स्वच्छ होते आणि त्या हवेत मी बिनघोर श्वास घेतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवाला अलार्मही ठेवतो. तो तपासणीच्या जागी नव्हे, तपासणीवर आणखी एक म्हणून.

तेव्हा कधी जुनी बीटल बघायला गेलात तर "हीटर चालतो का?" असं विचारू नका. एक्स्चेंजर शेवटचे कधी उतरवून तपासले, ते विचारा. "केबल नवीकोरी टाकलीय" असं उत्तर आलं, तर ट्रायल जरूर घ्या, पण खिडक्या उघड्या ठेवून.