रिपोर्ट नॉर्मल, माणूस आडवा

क्रॉनिक फटिग सिंड्रोमचे निदान पक्के करणारी एकही रक्तचाचणी आजवर सापडलेली नाही. थायरॉइड, मधुमेह, क्षय, रक्तक्षय असे आजार तपासून वगळायचे आणि उरलेल्या लक्षणांवरून रोग ओळखायचा, एवढेच डॉक्टरांच्या हाती आहे. थकवा सहा महिन्यांहून अधिक टिकतो, झोपूनही जात नाही. सर्वांत बोलके लक्षण पुढचे: थोडे जादा श्रम झाले की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी प्रकृती कोसळते आणि कित्येक दिवस सावरत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 मध्ये ते निदानासाठी आवश्यक ठरवले.

जैविक खूण शोधताना घाई एकदा चांगलीच अंगाशी आली आहे. 2009 मध्ये रुग्णांच्या रक्तात एक्सएमआरव्ही हा विषाणू आढळल्याचा निबंध 'सायन्स'ने छापला. तो प्रयोगशाळेत नमुने दूषित झाल्याचा परिणाम निघाला, 2011 मध्ये निबंध मागे घेतला गेला. तोवर काही रुग्णांनी एचआयव्हीवरची औषधेही घेऊन पाहिली होती. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या रॉन डेव्हिस यांच्या चमूने रक्तपेशींना मिठाचा ताण देऊन त्यांचा विद्युत प्रतिसाद मोजला. 20 रुग्ण 20 निरोगी व्यक्तींपासून वेगळे दिसले. पण दवाखान्यात येणारा माणूस निरोगी नसतोच. खरी कसोटी थकवा आणणाऱ्या इतर आजारांपासून हा रोग वेगळा काढण्याची आहे. ब्रिटनच्या 'डीकोडएमई' प्रकल्पाने 2025 मध्ये 15 हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून या रोगाशी जोडलेली जनुकसंचातील आठ ठिकाणे दाखवली. हे विश्लेषण युरोपीय वंशाच्या लोकांचे. भारतीय नमुने त्यात नाहीत.

आपल्याकडचा मोलाचा दाखला गोव्याचा आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 2,494 स्त्रियांची पाहणी केली. 2005 मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. सुमारे 12 टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. हा सगळा थकवा म्हणजे हा रोग नव्हे. पण या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी जुळला नाही. गरिबी, मानसिक त्रास आणि घरातला छळ यांच्याशी जुळला. 'अंगात रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तर हा रोग सहज दडून राहील. बदलापूरहून मुंबईचे सीएसएमटी स्थानक 68 किलोमीटर. गाडीत उभ्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्याने थकल्याची तक्रार केली, तर त्यात नवल कुणालाच वाटत नाही. मात्र प्रवासाचा शीण सुट्टीत उतरतो, या रोगाचा उतरत नाही. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आणि गल्लीतल्या दवाखान्यांत 'काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते?' एवढे विचारून उत्तर केसपेपरवर नोंदवायला पैसा लागत नाही. पुढे भारतीय नमुने गोळा करायचे झाले, तर रुग्ण याच नोंदींतून सापडतील. असे रुग्ण ओळखणे आणखी एका कारणासाठी निकडीचे आहे. 'जरा चालत जा, बरे वाटेल' हा आपल्याकडचा सरसकट सल्ला त्यांना बाधू शकतो. ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, असे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2021 मध्येच सांगितले आहे.