विश्वासाची शिरगणती

‘बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो, की लोकांशी वागताना फार सावध राहावं लागतं?’ एकाच चौकोनात खूण करा. बस्स! झाली समाजाच्या एकोप्याची नाडीपरीक्षा. जागतिक मूल्य सर्वेक्षणवाले १९८१पासून हा प्रश्न घेऊन देशोदेशी हिंडताहेत, आणि त्या खुणांवर विद्यापीठांत प्रबंधांचे मजले चढताहेत.

पण ही दोन उत्तरं एकमेकांची वैरी केव्हा झाली? आमच्या मजल्यावरच्या साऱ्यांवर माझा विश्वास आहे, आणि दाराला लॅच, कडी, साखळी असं त्रिस्तरीय तत्त्वज्ञानही आहे. रात्रपाळीहून एकटी परतणारी नर्स माणसांना भलं मानते आणि रिक्षाचा नंबरही घरी कळवते. तिची खूण कुठे? ‘सावध’मध्ये. घ्या, बाईंनी देशाचं सामाजिक भांडवल बुडवलं!

आणि ‘बहुतेक माणसं’ म्हणजे कोण हो? यान डेल्हाय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ५१ देशांची उत्तरं उसवून पाहिली. चीन, थायलंडसारख्या ठिकाणी ही ‘बहुतेक’ मंडळी मुख्यतः ओळखीपाळखीचीच निघाली. म्हणजे स्वीडनचा माणूस परक्याबद्दल बोलतोय, चीनचा शेजाऱ्याबद्दल, आणि पंडित दोघांना एकाच तक्त्यात उतरत्या क्रमाने बसवताहेत.

एडवर्ड ग्लेझर वगैरेंनी तर हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना खऱ्या पैशांचा खेळ खेळायला लावला. ‘विश्वास टाकता येतो’ म्हणणाऱ्यांनी पैसे सोपवताना काही जास्त भरवसा दाखवला नाही. ते स्वतः मात्र जास्त भरवशाचे निघाले. विचारलं जगाबद्दल, गड्यांनी दिला स्वतःचाच दाखला! हे २००० साली छापून आलं. प्रश्न मोडीत निघाला? छे. त्याच्या तीनच वर्षं आधी नॅक आणि कीफर यांनी २९ देशांचा हिशोब मांडून ठेवला होता ना: शंभरात विश्वास टाकणारे दहा वाढले, की विकासदर ०.८ अंकांनी चढतो. शून्य पूर्णांक आठ! दशांशचिन्हाचं सोवळं नेसलं की कुठलाही संदिग्ध प्रश्न थेट शास्त्राच्या पंगतीत.

खरी गंमत मात्र दारात घडते. अनोळखी इसम हातात कागद घेऊन विचारतो: घरात माणसं किती, कमाई किती, लोकांवर विश्वास आहे का? जो त्याला आत बसवून चहा पाजतो, त्याचं मत जमा. जो कुणावरच विश्वास ठेवत नाही, तो दारच उघडत नाही. त्याची नोंद अविश्वासात? अजिबात नाही. त्याच्यापुढे ‘प्रतिसाद नाही’ लिहून शास्त्र पुढच्या घराची बेल दाबतं.