ऑस्लोच्या भिंतीवरचा हुसेन

ऑस्लो विद्यापीठाच्या रुग्णालयात, सर्वसामान्यांची फारशी ये-जा नसलेल्या एका मार्गिकेत, जवळजवळ चौदा फूट लांबीचे एक चित्र कित्येक दशके टांगलेले होते. दळण दळणारी बाई, बैलगाडी, लेकराला जवळ घेतलेली आई, शेतकरी... लहानमोठ्या तेरा चौकटींत मांडलेले गाव. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात याच चित्राला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती.

चित्र पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे, १९५४ सालचे. ‘ग्रामयात्रा’ या नावाने ते ओळखले जाते.

‘हरवलेला हुसेन सापडला’ असे अनेकांनी म्हटले. पण ते चित्र कधी हरवलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या डॉ. लिओन व्होलोदार्स्की यांनी ते विकत घेतले आणि १९६४ मध्ये ते रुग्णालयाकडे आले. चित्रकार, डॉक्टर, रुग्णालय: मालकीची साखळी एवढीच, आणि ती कुठेही तुटलेली नाही. हुसेनच्या नावावर नकली चित्रे सर्रास खपवली जातात. अशा बाजारात या साखळीचे मोल फार मोठे. अंदाजाची वरची मर्यादा ३५ लाख डॉलर असताना बोली जवळजवळ चौपटीवर गेली, त्यामागे चित्राच्या गुणवत्तेइतकाच या अखंड साखळीचाही वाटा आहे. विक्रीतून आलेला पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाणार, हे विशेष समाधानाचे.

आपल्याकडच्या भिंतींचे काय?

एअर इंडियाने एकेकाळी मोठ्या हौसेने चित्रे जमवली. त्यांत जतीन दास यांचे १९९१ चे ‘फ्लाइंग अप्सरा’ होते. २०१७ मध्ये ते खरे आहे का, हे विचारायला कुणी थेट दासांशीच संपर्क साधला आणि त्यांनी आपले काम ओळखले. हे तर एअर इंडियाला दिलेले चित्र, मग ते बाजारात कसे आले? त्यानंतरच्या गदारोळात ते कंपनीकडे परत आले. चोरी पकडायला पहारेकरी नव्हे, खुद्द चित्रकार कामी आला, ही गोष्ट आजही अस्वस्थ करते. दास हयात होते म्हणून हे जमले. हुसेन २०११ मध्ये गेले, नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे २००१ मध्येच. त्यांची चित्रे ओळखायला कोण येणार?

काळजी घेणे अशक्य आहे, असे मुळीच नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी हुसेन, गायतोंडे, आरा यांची चित्रे घेतली. तिथे हुसेनचे प्रचंड भित्तिचित्र आजही आहे. या संग्रहावर स्वतंत्र पुस्तक निघाले आहे. शास्त्रज्ञांच्या संस्थेला हे जमते, तर महाविद्यालये, सरकारी विश्रामगृहे, जुन्या बँका, नगरपालिका यांना का जमू नये?

वारशाचे मोल सरकारला कळत नाही, असेही नाही. नागपूरच्या रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना परत आणली. ते योग्यच झाले. पण बाहेर गेले ते पैसे मोजून परत आणावे लागते, आणि घरातल्याची साधी मोजदादही नसते. प्रत्येक चित्राचा फोटो, मापे, चित्रकाराचे नाव, खरेदीची पावती आणि ते सध्या कोणत्या खोलीत आहे, एवढी नोंदवही जिल्हावार करायला लिलावगृहाची गरज नाही. उन्हाळी सुट्टीत कला महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम करू शकतील. मात्र त्यांना कार्यालयात शिरू देणारा आदेश मंत्रालयातून निघायला हवा. पावसाळ्यात पहिले पाणी भिंतीत मुरायच्या आत तो निघावा.