चिठ्ठीवरचा टीडीएस

मुदत ठेवीच्या व्याजातून ‘टीडीएस’ कापला गेला की आपण लगेच बँकेत चौकशीला जातो. तीच तीन अक्षरे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसली तर? तिथे कर-बिर काही नाही. लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे, अर्थ दिवसातून तीन वेळा. ‘बीडी’ दोन वेळा (ओढायची नव्हे हं!) आणि ‘ओडी’ एकदाच. हाच ओडी बँकेत ओव्हरड्राफ्ट होतो आणि चष्म्याच्या नंबराच्या कागदावर उजवा डोळा. डाव्याला ‘ओएस’. मग डोळ्यांत घालायच्या थेंबांपुढे नुसते ‘ओडी’ लिहिले असेल, तर उजव्या डोळ्यात की दिवसातून एकदा? अंदाजाने बाटली उघडू नका, विचारा.

सर्वांत फसवा ‘एसओएस’. संकटातल्या जहाजाची खूण म्हणून १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत तो ठरला. त्यामुळे गोळी अगदी जिवावर बेतल्यावरच द्यायची, असे वाटते. चिठ्ठीवर मात्र अर्थ एवढाच, की गरज पडली तर. ताप चढला, दुखू लागले तर द्या. रोज नेमाने नको. दिवसातून जास्तीत जास्त किती आणि दोन गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर, हे डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या.

‘एसी’ जेवणाआधी, ‘पीसी’ जेवणानंतर, ‘एचएस’ झोपताना. पाठ करत बसू नका. औषधवाल्याकडून प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून घ्या, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी सासूबाईंना वाचता येईल.