हर्ष होत आहे!

आमच्या मेजावर येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांत एक नियम अढळ आहे. कुणाला ना कुणाला 'कळविण्यास अत्यंत हर्ष' होत असतो. अमक्या कंपनीने तमका उपाध्यक्ष नेमला, हर्ष! टूथपेस्टची नळी नव्या वेष्टनात अवतरली, पुन्हा हर्ष! तोही कंपनीचा स्वतःचा नव्हे. मोबदला घेऊन जनसंपर्क संस्थेने तिच्या वतीने मानलेला. कारखान्याला टाळे लागले, कामगार रस्त्यावर आले, की मात्र हा झरा एकाएकी आटतो. या धंद्याचे एक आद्यपुरुष, अमेरिकेतील आयव्ही ली, यांनी १९०६ साली संपादकांना स्पष्ट कळविले होते : आमचा मजकूर जाहिरातखात्याकडे जाण्याजोगा वाटल्यास छापू नका. वाचक पैसे मोजतो ते बातमीचे, एवढे भान त्या गृहस्थांना होते. त्यांच्या वारसांचा मजकूर आम्ही जाहिरातखात्याकडे धाडला, की दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी खणखणतो : "आमची बातमी कधी लागणार?"