ठेवीदाराची साडेनऊ वर्षे

पुण्यात १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि ठेवी अडकल्या. निर्बंधांना मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ, असे करत साडेनऊ वर्षे गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. निवृत्तीची पुंजी या बँकेत ठेवलेला साठीतला माणूस तोवर सत्तरीला टेकला. मुलीचे लग्न, डोळ्याचे ऑपरेशन, घरभाडे यांना कोणी मुदतवाढ देत नाही.

धंद्यात सरकारने लुडबुड करू नये, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण नीट पाहावे. भाजी घेताना गिऱ्हाईक जुडी उलटून पाहते. ठेवीदाराला मात्र आपल्या पैशातून कोणाला, कशाच्या तारणावर कर्ज दिले, हे पाहायची सोय नाही. त्याच्या वतीने दप्तर तपासणारा कोणीतरी हवा, आणि तो वेळेवर यायला हवा.

आपल्याकडे तो नेहमी उशिरा येतो. नागरी सहकारी बँकांना १९६६ पासून दोन धनी. बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, संस्थेचा कारभार सहकार निबंधकांकडे. मधल्या फटीत जबाबदारी हरवायची. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक अडचणीत आली, तेव्हा कुठे २०२० मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला वाढीव अधिकार मिळाले. ठेवींवरच्या विम्याचे संरक्षण १ लाखावरून ५ लाखांवर गेले तेही २०२० मध्येच. निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ ची. ती २०१३ मध्ये असती, तर रुपीच्या लहान ठेवीदारांना इतकी वर्षे हेलपाटे घालावे लागले नसते. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत, असे परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले. खरे आहे. पण गेलेल्या वर्षांचा विमा कोणी उतरवलेला नव्हता.

तपासणीत थकीत कर्जे वाढलेली दिसली, की ती माहिती त्याच वर्षी मराठीत, शाखेच्या दर्शनी भागात लावण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने करावी. सभासदांनीही वार्षिक सभेत थकबाकीचा आकडा विचारल्याशिवाय ‘मंजूर, मंजूर’ म्हणू नये.