बारावीनंतरची पुस्तकं

जून संपत आला की माझी एक फेरी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत होते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदाही झाली. भिजलेली गर्दी, काउंटरवर पुढे केलेल्या याद्या, आतल्या पोऱ्याला दिलेल्या हाका, सगळं नेहमीचं. माझ्या शेजारी एफवायबीएची एक मुलगी उभी होती. तिनं अर्थशास्त्राचं पुस्तक सेकंडहँड मागितलं. ‘सिलॅबस बदललाय, जुनं चालणार नाही,’ असं म्हणत दुकानदारानं नवं पुढ्यात ठेवलं. तिनं मागची किंमत पाहिली, अनुक्रमणिका उघडली, मोबाइलवर तिचे फोटो काढले आणि पुस्तक परत केलं. ‘टॉपिक कळले, आता यूट्यूबवर बघते,’ मैत्रिणीला सांगत ती निघून गेली.

तेव्हा आलेला राग आठवडा झाला तरी उतरलेला नाही.

हीच मुलगी बारावीत होती तोवर तिचं प्रत्येक पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येत होतं. छापील हवं तर तेही परवडणाऱ्या किमतीत. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेनं महाराष्ट्राच्या घराघरात पुस्तक पोचवलं, त्याचं ऋण मी आजवर अनेकदा इथे मान्य केलं आहे. पण बारावीचा निकाल लागतो आणि ही वाट तिथेच संपते. मुलगी अनुदानित कॉलेजात जाते, तिथल्या प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो, अभ्यासक्रम सरकारी विद्यापीठ ठरवतं, परीक्षाही तेच घेतं. मधलं पुस्तक मात्र तिनं बाजारातून आणायचं. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून माफ झाली, फार चांगलं झालं. पुस्तकांचा खर्च त्या माफीत येत नाही.

पूर्वी सेकंडहँड पुस्तकांवर मुलं निभावून न्यायची. वरच्या वर्गातल्या दादाचं पुस्तक खालच्या वर्गातल्या ताईकडे, तिथून पुढे आणखी कुणाकडे. समासात पेन्सिलीनं लिहिलेली उत्तरं हा वर नफा. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पेपरांची नावं बदलली, श्रेयांक बदलले, प्रकरणं इकडची तिकडे झाली आणि ही साखळी तुटली. ग्रंथालयातल्या प्रतीही एका झटक्यात जुन्या ठरल्या. खरं तर मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत धोरणानं बदलत नाही. नव्या पुस्तकात त्याचं प्रकरण तिसऱ्याऐवजी पहिलं आहे, एवढंच.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही आणि त्यावर इलाजही निघालेले आहेत. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठानं २०१२ मध्ये ‘ओपनस्टॅक्स’ या नावानं कॉलेजची पाठ्यपुस्तकं काढायला सुरुवात केली. पहिल्या पुस्तकांत भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र होतं. ती पडद्यावर फुकट वाचता येतात, आणि मूळ लेखकांचा उल्लेख ठेवून कुणीही त्यांची नक्कल करावी, छापावं, बदलावं, भाषांतर करावं, अशी परवानगी पुस्तकातच दिलेली असते. पोलंडमध्ये त्यांचं भौतिकशास्त्र पोलिश भाषेत उतरलं. २०१२ च्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी कायद्यांवर सही केली: सरकारी विद्यापीठांत आणि कम्युनिटी कॉलेजांत सर्वाधिक मुलं घेतात अशा पन्नास विषयांची खुली डिजिटल पुस्तकं तयार करायची. आपल्याकडेही त्याच साली मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर खटला भरला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं शिकण्या-शिकवण्यासाठी पुस्तकांतल्या पानांच्या प्रती काढायची मुभा कायद्यात आहे, असा निर्वाळा दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

तो निकाल आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण मराठीतून बी.ए. करणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग किती? झेरॉक्स काढायलासुद्धा आधी चांगलं पुस्तक असावं लागतं. परीक्षेच्या महिनाभर आधी बाजारात गाईड येतं, त्यालाच ती पुस्तक समजते, कारण दुसरं तिच्या हाती कधी पडलेलंच नसतं.

लिहिणारी माणसं आपल्याकडे आहेत. तालुक्याच्या कॉलेजात वीस-वीस वर्षं पोटतिडकीनं शिकवणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यांची टिपणं छापील पुस्तकांपेक्षा सरस असतात. त्यांना लिहिण्याचा मोबदला एकरकमी आणि सन्मानानं द्यावा, दुसऱ्या दोन जाणकारांकडून मजकूर तपासून घ्यावा, मुखपृष्ठावर त्यांचं नाव ठळक छापावं, बढतीच्या वेळी त्या कामाला वजन द्यावं. मग ते पुस्तक सर्वांसाठी खुलं करावं. अभ्यासक्रम बदलला की दोन प्रकरणं बदलायची, बाकीचं तसंच राहील. गडचिरोलीच्या प्राध्यापकाला त्यात तेंदूपानाच्या व्यापाराचं उदाहरण घालावंसं वाटलं, तर त्यानं कुणाला विचारत बसायला नको. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं सत्तरच्या दशकात विद्यापीठीय विषयांवर मराठीत पुस्तकं काढली होती. म्हणजे सरकारनं कॉलेजच्या पुस्तकात लक्ष घालणं आपल्याकडे नवं नाही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि मुख्य विषय बाजूला राहिला तरी चालेल. फुकट पुस्तक म्हणून आपल्याकडे जी पीडीएफ मिळते, ती कशी असते ते एकदा उघडून बघा. पानं वाकडी, कडेचा मजकूर कापलेला, फाइल इतकी जड की मुलीचा दिवसाचा डेटा एका पुस्तकात खलास. कागद स्कॅन केलेला नसेल तर अक्षरं युनिकोडपूर्व जुन्या फाँटातली. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन चिन्हं भरलेली असतात. ‘महागाई’ हा शब्द शोधा, सापडत नाही, जरी पानापानावर महागाईच असली तरी. ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, भलतीच अक्षरं उमटतात.

माझ्या ओळखीचा एक अंध विद्यार्थी इतिहासात एम.ए. करतो. तो मोबाइलकडून पुस्तक वाचून घेतो. अशी फाइल उघडली की त्याचा मोबाइल इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पाढा म्हणू लागतो, आणि स्कॅन केलेल्या पानावर तर तो गप्पच बसतो. मग आई संध्याकाळी कामावरून येऊन प्रकरण मोठ्यानं वाचते आणि तो ध्वनिमुद्रित करून घेतो. अंध वाचकांना पुस्तकं सहज मिळावीत म्हणून २०१३ मध्ये मराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. मला त्याचा अभिमान वाटतो. पण कायद्यानं दार उघडून दिल्यावर आत अशी फाइल ठेवलेली असेल, तर या मुलानं काय वाचायचं?

आणि मराठीत नीट फाइल करणं जमत नाही असं कुणी म्हणू नये. मराठी विश्वकोशाच्या नोंदी युनिकोडमध्ये, फुकट, शोधता येतील अशा उपलब्ध आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन पाहता येतात. त्या मुलानं मला सांगितलं की विश्वकोश त्याचा मोबाइल खणखणीत वाचतो, म्हणून जमेल तितका अभ्यास तो तिथूनच करतो. पण विश्वकोशातली नोंद त्याच्या पेपरासाठी लिहिलेली नाही, हे त्यालाही कळतं.

माझी वाचकांतल्या प्राध्यापकांना विनंती आहे. तुमच्या संगणकावर वर्षानुवर्षं टाइप केलेली टिपणं पडून असतील, बहुतेक जुन्याच फाँटात. ती युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं उपलब्ध आहेत; जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्यांखालून घालावे लागतात. एक प्रकरण करून पाहा. वर तुमचं नाव घाला, खाली ‘कुणीही वापरावं, बदलावं’ असं लिहा आणि आपल्या ग्रंथपालांकडे द्या. इतिहासाचं असेल तर मलाही पाठवा, मी ते त्या मुलाला देईन.